उतारावरचे गवत, खोलगटातले गवत

अकोटहून उत्तरेकडे पोपटखेडच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात जमिनीचे रूप पार बदलते. कपाशी-तुरीची काळी शेते मागे पडतात, पायाखाली मुरूम आणि दगड लागतो आणि सातपुड्याची गाविलगड रांग समोर उभी राहते. नरनाळा किल्ल्याचा माथा सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. उलट दक्षिणेला अकोल्याच्या वाटेने निघाले तर गांधीग्रामजवळ पूर्णा नदी ओलांडावी लागते आणि दोन्ही बाजूंना खारपाणपट्ट्याची सपाट, खोल काळी जमीन नजर पोहोचेल तिथवर पसरलेली दिसते. डोंगरावर चिखलदऱ्याकडे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्णेच्या खोऱ्यात त्याच्या साधारण निम्माच.

या साऱ्या टापूत गवत आहे. डोंगरउतारावर कुसळी, शेडा, तिखाडी. शेताच्या धुऱ्यावर मारवेल आणि हरळी. काळ्या रानात खोलवर मुळ्या रुतवून बसलेला, शेतकऱ्याला जेरीस आणणारा कुंदा. नदीनाल्याच्या काठाला पांढऱ्या तुऱ्यांचा कांस. बहुतेकांच्या लेखी हे सगळे नुसतेच गवत. पण त्यातल्या कुठल्याही एका जातीची दोन ठिकाणची झाडे घेऊन एकाला पाण्यात बुडवले आणि दुसऱ्याला महिनाभर तहानेले ठेवले, मग अदलाबदल केली, तर एक गोष्ट लक्षात येते. जात एकच असली तरी सोसण्याची ताकद सारखी नसते. जिथे ते गवत पिढ्यान्‌पिढ्या वाढले, त्या जागेचा हिशेब त्याच्या बियाण्यात उतरलेला असतो.

वऱ्हाडात हा हिशेब फार कठोर आहे. इथल्या काळ्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे. श्रावणात झड लागली की ही माती पाणी पिऊन फुगते, तिची छिद्रे मिटतात आणि वरचे पाणी खाली जायला वाटच उरत नाही. मुळांना हवा मिळेनाशी होते. खारपाणपट्ट्यात सोडियमचे क्षार या अडचणीत भर घालतात. तिथे निचरा आणखी मंद असतो. मग हीच जमीन उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून खालची ओलही उडून जाते आणि गवताची बारीक मुळे ताणली जाऊन तुटतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे धुऱ्यावरच्या मारवेलाने एकाच वर्षात आधी गुदमरणे सोसायचे आणि मग तहान सोसायची. उतारावरच्या शेड्याचे दुःख निराळे. त्याच्या मुरमाड जमिनीत पाणी थांबतच नाही. भर पावसाळ्यात आठ-दहा दिवसांची उघाड पडली तरी तो सुकू लागतो.

पाण्यात बुडालेल्या गवताचे नेमके काय होते? हवेच्या तुलनेत पाण्यातून वायू सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मुळांपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही आणि झाडात तयार होणारा इथिलीन नावाचा वायू बाहेर पडू शकत नाही. हा साचलेला इथिलीनच झाडाला ‘आपण बुडालो’ असा निरोप देतो. ज्या गवतांना ओलीची सवय आहे ती यावर मुळांच्या आतल्या काही पेशी स्वतःहून मारून टाकतात आणि तिथे हवेच्या पोकळ नळ्या तयार करतात. पानांकडची हवा या नळ्यांतून मुळांच्या टोकापर्यंत उतरते. काही गवते मुळाच्या बाहेरच्या थरात मेणासारख्या द्रव्याचा बंदोबस्तही करतात, म्हणजे ही हवा वाटेतच चिखलात गळून जात नाही. खोडाच्या खालच्या पेरांना नवी, उथळ मुळे फुटतात, कारण वरच्या दोन-चार बोटांच्या थरातच काय तो श्वास असतो.

दुष्काळात नेमके याच्या उलट करावे लागते. मुळे खोल गेली पाहिजेत. पानांवरच्या खास पेशींतले पाणी कमी होऊन पान गुंडाळले गेले पाहिजे, म्हणजे उन्हाला अंग कमी दिसते. पेशींत साखर आणि काही क्षार साठवून उरलेसुरले पाणी धरून ठेवावे लागते. आणि हे सारे कमी पडले तर वरचे सगळे वाळू देऊन जमिनीलगतचा कोंब तेवढा जिवंत ठेवून निजून जावे लागते. उथळ, पोकळ मुळांवर बेतलेले गवत दुष्काळात उघडे पडते आणि खोल, घट्ट मुळांचे गवत चिखलात गुदमरते. दोन्ही कला एकाच रोपाच्या अंगी पूर्ण बाणवणे अवघड. म्हणून निसर्ग बहुधा वाटणी करतो. उतारावरच्या वंशाला एक कला मिळते, खोलगटातल्या वंशाला दुसरी.

ही वाटणी खरोखर आनुवंशिक आहे की जागा बदलली की रोपही बदलते, हा प्रश्न स्वीडनच्या योते टुरेसन यांनी शंभर वर्षांपूर्वी धसाला लावला. एकाच जातीची झाडे समुद्रकाठावरून, डोंगरावरून, कुरणातून आणून त्यांनी एकाच वाफ्यात लावली. जागा एक झाली तरी पुष्कळ फरक टिकून राहिले. अशा स्थानिक वंशांना १९२२ साली त्यांनी ‘इकोटाइप’ हे नाव दिले. आजही गवतांवर काम करणारे लोक हीच पद्धत वापरतात: वेगवेगळ्या ठिकाणची रोपे एका मैदानात आणायची, किंवा इथली तिथे आणि तिथली इथे लावून कोण तगते ते पाहायचे.

असे वंश वेगळे व्हायला डोंगर आणि दरी एवढे अंतरही लागत नाही. इंग्लंडमध्ये रॉदमस्टेड येथे १८५६ सालापासून एका कुरणाचे पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळे खत देण्याचा प्रयोग चालू आहे. तिथल्या एका साध्या गवताचे वंश शेजारशेजारच्या पट्ट्यांत, काही मीटरच्या अंतरावर, एकमेकांपासून वेगळे झालेले आढळले. वाऱ्याने परागकण इकडून तिकडे जात होते, तरीही. निवड कठोर असली की फरक टिकतो. मग ज्या जमिनीत एका बांधाच्या वर मुरूम आणि खाली पाणथळ काळी आहे, तिथे काय होत असेल याची कल्पना करता येते.

पण यासाठी स्वीडन किंवा इंग्लंड गाठायची गरज नव्हती. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण सातपुड्याच्याच अंगाखांद्यावर वाढते आणि इथल्या लोकांना ते पंडितांच्या फार आधीपासून ठाऊक होते. ते म्हणजे रोशा गवत. कुणी त्याला रोहिस म्हणतात, कुणी तिखाडी. पान चुरगळले की गुलाबाकडे झुकणारा गोड-तिखट वास येतो. ढोरे कोवळेपणी ते खातात, जून झाल्यावर टाळतात. याच गवतापासून निघणारे रोशा तेल एके काळी एलिचपूरहून, म्हणजे आजच्या अचलपूरहून, निमाडातून आणि खानदेशातून मुंबईला जाई. खानदेशात या धंद्याचे मूळ ठाणे पिंपळनेर होते. पुढे नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या जंगलांकडे भट्ट्या सरकल्या. पावसाळा सरताना गवत फुलावर आले की ओढ्याकाठी भट्टी लावायची, हंड्यात गवत दाबून भरायचे आणि वाफेबरोबर तेल उतरवायचे. मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातल्या बंदरांवाटे कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. तिथून ते बल्गेरियाच्या गुलाब-अत्तरात भेसळ म्हणून मिसळले जाई. युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत, आणि ते सातपुड्याचे आहे हे घेणाऱ्याच्या गावीही नसे. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनतज्ज्ञाने याच तेलातून गुलाबगंधी द्रव्य वेगळे केले. आज जगभरच्या साबण-अत्तरांत वापरले जाणारे जिरॅनिऑल ते हेच.

शास्त्रीय नावातही एक जुनी लढाई लपलेली आहे. फ्रान्सच्या लियाँ शहरात जन्मलेला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत लखनौला स्थायिक झालेला जनरल क्लॉड मार्टिन टिपू सुलतानाविरुद्धच्या स्वारीत दख्खनच्या पठारावर होता. ढोरे हे उग्र वासाचे गवत खातात हे पाहून त्याने बी गोळा केले आणि लखनौला पेरले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी जातीला त्याचे नाव दिले. आज ती सिंबोपोगॉन मार्टिनी म्हणून ओळखली जाते.

तेल काढणाऱ्यांना मात्र ही जात एक वाटत नव्हती. त्यांच्या लेखी रोशा दोन होते: मोतिया आणि सोफिया. मोतियाचे तेल उंची, गुलाबासारखे, जिरॅनिऑलने भरलेले. सोफियाचे तेल उग्र, आल्याची आठवण करून देणारे, बाजारात कमी मोलाचे. दुरून दोन्ही गवते सारखीच दिसतात. जाणकार पानांवरून ओळखतो: मोतियाचे पान खोडाशी जवळजवळ काटकोन करून आडवे निघते, सोफियाचे पान वर रोख धरून खोडाशी लहान कोन करते. आणि खरी ओळख जागेची. मोतिया उघड्यावर, उन्हात, पाणी ठरत नाही अशा कोरड्या उताराला असतो. सोफिया ओलसर, सावलीच्या, पाणी रेंगाळणाऱ्या जागी दाट माजतो. मोतिया पाण्याचा ताण सोसतो पण मुळाशी पाणी साचले की खचतो. १९०९ च्या सुमारास आय. एच. बर्किल यांनी या दोघांना शास्त्रीय प्रकार म्हणून नोंदवले आणि नावे तीच ठेवली, भट्टीवाल्यांची.

मोतिया आणि सोफिया यांना शेजारी-शेजारी लावले तरी त्यांचे तेल वेगळेच राहते. बी मात्र असे की डोळ्यांनी वेगळे काढता येत नाही. रोशाची लागवड करणाऱ्या शेतकऱ्याला म्हणून बजावून सांगितले जाते की खात्रीचेच बी घ्या आणि शेताच्या आसपास सोफिया असेल तर त्यापासून लांब राहा. एक मूठ बी चुकीच्या जागेवरून आले की पिकाचा कसच बदलतो. गवताच्या स्थानिक वंशाला बाजारभाव मिळाला असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. तेलाला किंमत होती म्हणून हा फरक नजरेत भरला. मारवेल, शेडा, कुसळी यांच्या वंशांना असा भाव नाही, म्हणून त्यांच्यातले फरक कुणी तितक्या बारकाईने पाहत नाही. फरक मात्र आहेत.

दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभर फिरून १९७३ साली भारतातल्या गवती आच्छादनाचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जवळजवळ साऱ्या दख्खनी पठाराला शेडा आणि मारवेल या दोन गवतांच्या प्रजातींचे नाव दिले आहे. ढोबळमानाने शेडा मुरमाड उताराचा, मारवेल भारी जमिनीचा. मारवेल आणखी गुंतागुंतीचा आहे. त्याच्या पेशींत कुठे २०, कुठे ४०, कुठे ६० गुणसूत्रे सापडतात. एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या आकाराचे संच. शिवाय मारवेल आणि कुसळी ही दोन्ही गवते पुष्कळदा परागीकरणाशिवायच बी धरतात, म्हणजे बी ही आईची हुबेहूब नक्कल असते. एखाद्या पाणथळ खोलगटात एक झाड तगले की त्याची लेकरे तीच ताकद मोडतोड न होता पुढे नेतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले मारवेल ०६-४०’सारखे वाण निवडून काढले ते अशाच विविधतेतून.

नाल्याकाठच्या कांसाची गोष्ट तर साऱ्या देशाच्या ताटात उतरली आहे. कांसाच्या वेगवेगळ्या वंशांत गुणसूत्रांची संख्या ४० पासून १२८ पर्यंत जाते. एवढी तफावत क्वचितच कुठल्या जातीत असेल. कोइमतूरला बार्बर आणि वेंकटरामन यांनी १९१२ साली जाड, रसाळ उसाचा या रानटी कांसाशी संकर केला. त्यातून निघालेला ‘को २०५’ उत्तर भारतात पंजाबकडे पोहोचला आणि उसाच्या पैदाशीची दिशाच बदलली. महाराष्ट्रातल्या कारखान्यांना जाणाऱ्या उसाच्या अंगात आजही कांसाचा अंश आहे. शेतकरी ज्याला तण म्हणून खणून काढतो, त्याच्या एका वंशाने ही कणखरता पुरवली.

भातही गवतच. ओडिशातल्या एका जुन्या वाणातून निवडलेला ‘एफआर १३ ए’ हा भात दोन आठवडे पूर्ण पाण्याखाली राहूनही पुन्हा उभा राहतो, हे तिथल्या शेतकऱ्यांना माहीत होते. त्यामागचे सब-१-ए हे जनुक २००६ साली सापडले. बाकीचे भात बुडाले की इथिलीनच्या हाकेने घाईघाईने उंच वाढतात, साठवलेली साखर उधळतात आणि पाणी ओसरले की कोसळतात. हे जनुक ती घाई रोखते. रोप गप्प राहते आणि शिदोरी जपते. २००९ साली ‘स्वर्णा-सब १’ हा वाण भारतात शेतकऱ्यांच्या हाती आला. पुढे २०११ साली आणखी एक गोष्ट उजेडात आली: हेच जनुक असलेली रोपे कोरड ओसरल्यावरही अधिक चांगली सावरतात. पूर ओसरल्यावर उघडे पडलेले रोप अचानक सुकू लागते, त्यामुळे दोन संकटांतून तगण्याच्या युक्त्या कुठेतरी एकत्र येतात. पूर आणि दुष्काळ दोन्ही एकाच वर्षात पाहणाऱ्या मुलखाला यात आशेची जागा आहे.

अमेरिकेतल्या प्रेअरीचे स्विचग्रास हे याचेच मोठ्या पटावरचे रूप. त्याचे उंचवट्यावरचे वंश ठेंगणे आणि कोरड सोसणारे, नदीकाठच्या सखल भागातले वंश उंच, जाड आणि पाण्यात तगणारे. दक्षिणेला टेक्सासपासून थंड उत्तरेपर्यंत दहा ठिकाणी एकसारखी मैदाने आखून शास्त्रज्ञांनी त्यांची हजारो रोपे तपासली. बी ज्या हवामानाचे, तिथेच ते सर्वांत चांगले चालते, हेच पुन्हा दिसले.

अकोटच्या परिसरात या प्रश्नाला आज एक तातडीची बाजू आहे. १९७३-७४ साली देशातले पहिले व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे जंगलातून सर्वांत आधी उठली आणि अकोट तालुक्यात येऊन वसली. पुढे धारगड, केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा अशी आणखी गावे हलली. कोरकू कुटुंबांनी पिढ्यांची शेती मागे सोडली, आणि त्याची किंमत त्यांनी पुष्कळ मोजली आहे. गावे उठल्यावर तिथे गवताळ माळ तयार होऊ लागले. पण पडीक शेतात आधी गवत येत नाही. तरोटा, रानतुळस, गाजरगवत येते. हे उपटून चितळ, सांबर, गवा यांना खाण्यासारखी स्थानिक गवते वाढवण्याचे काम मेळघाटात बरीच वर्षे चालू आहे. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयातले गवत-अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे.

अशा माळावर बी टाकताना जातीचे नाव पुरेसे नाही. ‘मारवेल’ लिहिलेली गोणी झाशीहून आली, राहुरीहून आली की शेजारच्याच नाल्यातून आली, याने पुढची वीस वर्षे ठरतात. वाऱ्यावर सुकणाऱ्या उताराला पूर्णाकाठचे बी टाकले तर पहिल्या चांगल्या पावसाळ्यात ते हिरवेगार दिसेलही. खरी परीक्षा पावसाने ओढ दिलेल्या वर्षी होते, आणि तोवर कागदावर कुरणविकास पूर्ण झालेला असतो. बी गोळा करताना जातीबरोबर उतार, मातीची खोली, पाणी साचते की नाही, एवढ्या तीन गोष्टी पिशवीवर लिहून ठेवणे हे काही खर्चाचे काम नाही. मोतिया कुठे कापायचा आणि सोफिया कुठे टाळायचा हे ज्यांनी कागदाशिवाय लक्षात ठेवले, त्यांच्याच मुलखात हे व्हायला हवे.

धरणांच्या काठालाही हाच विचार लागू पडतो. वान आणि शहानूर प्रकल्पांच्या पाणफुगवट्याची जमीन हिवाळ्याअखेर उघडी पडते आणि पुन्हा बुडते. चीनमध्ये यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणात पाणी दरवर्षी १४५ ते १७५ मीटरच्या दरम्यान वरखाली होते. तिथल्या काठावर महिनोन्‌महिने बुडूनही जी थोडी झाडे तगली, त्यांत आपली ओळखीची हरळी आघाडीवर आहे. गणपतीला वाहायच्या दूर्वा त्या हिच्याच. शहानूरच्या काठाला वर्षानुवर्षे बुडणारी-उघडी पडणारी हरळी आणि नरनाळ्याच्या वाटेवरची हरळी एकसारखी वागते का, हे पाहण्यासाठी एक वाफा, दोन टोपल्या मुळ्या आणि दोन पावसाळे पुरतील. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अकोट-अमरावतीत विज्ञान महाविद्यालये आहेत. पदवीच्या मुलांना याहून चांगला प्रकल्प मिळणार नाही.

सगळ्यांत जास्त धोका खारपाणपट्ट्यातल्या धुऱ्यांना आहे. तिथले मारवेल आणि कुंदा शेकडो वर्षे क्षार, चिखल आणि भेगा या तिन्हींतून गाळून उरलेले आहेत. असे बी दुसरीकडे विकत मिळत नाही. पण धुरे आता अरुंद होत चालले आहेत, ट्रॅक्टरच्या पाळ्या बांधाच्या पोटात शिरतात आणि उरलेल्यावर तणनाशक फवारले जाते. जुलै २०२३ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याला संग्रामपूर, जळगाव जामोद भागात एका रात्रीच्या पावसाने माती खरडून नेली. जिथे बांधाला गवताची मुळे घट्ट धरून असतात, तिथे पाण्याचा जोर मोडतो आणि माती कमी वाहते. कुंदा पिकात नको, हे शेतकऱ्याचे म्हणणे रास्तच आहे; त्याच्या खोल मुळ्या खणताना त्याने घाम गाळला आहे. पण धुऱ्यावरचा मारवेल ढोरांना चारा देतो, माती धरतो आणि त्याचे पाणी सोसणारे वंश उद्याच्या कुरणांना हवे आहेत. त्याचे बी पावसाळा सरल्यावर पिकते आणि पिकले की लवकर गळून जाते. ज्याला ते जमवायचे आहे त्याला दिवाळीच्या आगेमागे पूर्णाकाठच्या धुऱ्यांवर हजर राहावे लागेल, कापणीचे यंत्र आणि फवारणीचा पंप तिथे पोहोचण्याच्या आधी.